कंदीलवाल्याचा शेवटचा मजला

मोरीच्या दारात भरतेश मगदूम अडकला होता. खांद्यावर टॉवेल, एक हात चौकटीवर, नजर खाली फरशीवर. डोकं चल म्हणत होतं आणि पाय मात्र कुणी खिळे मारून बसवल्यासारखे जागच्या जागी. त्याच्या मागं धाकटी बहीण त्रिशला उभी होती. तिच्या हातात त्याचे धुतलेले कपडे होते, गॅसवर दूध होतं, आणि भरतेशला तसाच सोडून दुधाकडे जाता येत नव्हतं.

"उजवा पाय, दादा. उचल."

"उचलतोय की."

"नुसतं म्हणतोयस."

हे रोजचंच होतं. पार्किन्सनचं निदान झालं तेव्हा भरतेशची बायको हयात होती. ती गेल्यावर त्रिशला सांगलीतला आपला फ्लॅट बंद करून मिरजेला त्याच्याकडे राहायला आली. चार महिने राहू म्हणून आली होती. शाळेतून निवृत्त झाली होती, लग्न केलं नव्हतं, त्यामुळे तिला वेळच वेळ आहे असं सगळ्या नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं. त्याला आता बरीच वर्षं झाली होती. दार आलं की भरतेश थांबायचा, फरशीचा रंग बदलला की थांबायचा, आणि मागून त्रिशला उजवा-डावा सांगत राहायची. भूगोल शिकवताना तिचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा. तोच आवाज आता पाठीमागून, हळू, न चिडता काढायचा म्हणजे फार दमवणारं काम होतं.

दूध वर आलं. पातेल्याच्या कडेनं फेस फुगलेला तिला दिसला आणि तिचा तोल गेला.

"उडी! दादा, उडी!"

तिच्या गळ्यातून हा आवाज कित्येक वर्षांत निघाला नव्हता. बारीक, चिरका, सहावीतल्या मुलीचा. आणि भरतेशनं पाय उचलला. एक पाय, मग दुसरा. चौकट ओलांडून तो सरळ मोरीत जाऊन उभा राहिला. दूध उतू गेलं ते गेलंच. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"तिशे," तो हळूच म्हणाला. आजारानं त्याचा आवाज आत गेला होता, कान देऊन ऐकावं लागायचं. "कंदीलवाला."

*

त्या गेमचं खरं नाव इंग्रजीत होतं, पण ते कॅबिनेटवरून खरवडून गेलं होतं. मिरज स्टेशनच्या बाजूला इक्बालभाईंचं व्हिडिओ गेम पार्लर होतं, वर पत्रा आणि आत सदैव विड्यांचा धूर. इक्बालभाईंचा भाऊ आखातात होता. त्यानं तिकडून एक जुनं मशीन पाठवलं. बाकीच्या मशीनमध्ये चौकोनी ठोकळ्यांची माणसं असायची. यात मात्र पडद्यावर सिनेमासारखं खरंखुरं कार्टून हलायचं, हातानं रंगवलेलं. एक पोरगा हातात कंदील घेऊन दीपगृहाच्या आतल्या जिन्यानं वर पळतोय, खालून समुद्राचं पाणी चढतंय आणि वाटेत खेकडे, तुटक्या पायऱ्या, वटवाघळं. पोरगा भित्रा होता आणि मरायचा मोठ्या मजेशीर रीतीनं. खेकडा त्याची चड्डी ओढून न्यायचा, पायरी त्याला गिळून ढेकर द्यायची.

पार्लरमधली सगळी पोरं त्याच्यावर वेडी होती आणि सगळी पोरं त्याला शिव्या द्यायची. कारण त्यात कसब असं काही नव्हतंच. मशीनच्या पोटात एक चकचकीत तबकडी होती आणि तिच्यावर फिल्मचे तुकडे होते. ठरावीक क्षणी ठरावीक दिशेला दांडा ढकलला तर पुढचा तुकडा लागायचा, क्षणभर उशीर झाला तर मरणाचा. डावीकडे जायचं की उजवीकडे, हे पडद्यावर बघून कळायचंच असं नाही. मरून मरूनच कळायचं. एक नाणं टाकलं की मिनिटभरात खेळ खलास, आणि मग निमूटपणे बाजूला व्हायचं, कारण मागं रांग असायची.

भरतेश आठवीत होता. त्रिशला सहावीत. मुली पार्लरमध्ये जात नसत, पण आईनं तिला बजावलं होतं, "दादाच्या मागं जा आणि तो काय करतोय ते येऊन मला सांग." म्हणून ती त्याच्या पाठीशी उभी राहायची आणि पडद्याकडे बघायची. काही आठवड्यांतच तिला सगळं पाठ झालं. मग ती मागून ओरडायला लागली. डावं! थांब! वर! उडी! भरतेशचे हात आणि त्रिशलाचा आवाज यांच्या जोरावर कंदीलवाला पार्लरमधल्या कुणाहीपेक्षा वर पोचायचा, पार त्या मजल्यापर्यंत, जिथं खिडकीतून एक राक्षसी बगळा मान आत घालायचा. तिथं तो दर वेळी मरायचा. पुढं काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग एका पावसाळ्यात तबकडीला बुरशीसारखे डाग पडले, चित्रं फाटायला लागली आणि इक्बालभाईंनी मशीन भंगारात दिलं.

*

"पुन्हा ओरडून दाखवा," डॉ. नौशीन शिकलगार म्हणाल्या.

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात त्यांनी भरतेशला दारापाशी उभं केलं होतं. पस्तिशीच्या, गळ्यात ओळखपत्र आणि पायात कॅनव्हासचे बूट. त्रिशला संकोचली, पण ओरडली. भरतेश दारातून गेला. दुसऱ्यांदाही गेला. डॉक्टरांनी टॅबलेट बाजूला ठेवला आणि दोघांना आत बसवलं.

"मगदूमसाहेब, चालणं आपण खरं तर चालत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या चेतापेशींच्या काही गाठी परस्पर चालवतात. तुमच्या आजारात त्या गाठींना लागणारं डोपामाइन आटतं. पाय ठणठणीत असतात, फक्त 'आता' असा इशारा आतून मिळत नाही. पण इशारा बाहेरून आला तर मेंदू दुसऱ्या वाटेनं काम करून घेतो. म्हणून जमिनीवर पट्टे मारले, ताल वाजवला की माणूस चालतो."

"ते सगळं करून झालं," त्रिशला म्हणाली. "पट्टे मारले, टकटक वाजवणारं यंत्र आणलं. पंधरा दिवस चाललं, मग हा परत थांबायला लागला."

"कारण मेंदूला सवय होते. नवा ताल वरवरचा असतो. तुमचा हा ताल मात्र वाढत्या वयात, भीतीत आणि गमतीत, हजार वेळा मरून शिकलेला आहे. तो खोल आहे." डॉक्टरांनी टेबलावरची एक वस्तू पुढं सरकवली. जाडसर, राखाडी, हेल्मेटसारखी. नाव लांबलचक होतं, पण इस्पितळात सगळे तिला टोपी म्हणायचे. "आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. आठवताना मेंदू ती गोष्ट पुन्हा करून बघतो. त्याच पेशी, त्याच क्रमानं, जवळजवळ त्याच वेगानं पेटतात. त्यांचं चुंबकीय क्षेत्र इतकं दुबळं असतं की पृथ्वीच्या क्षेत्रापुढं त्याची काहीच गणती नाही. या टोपीत रुबिडियमच्या वाफेवर चालणारे संवेदक आहेत, ते एवढंसं क्षेत्रही पकडतात. तुम्ही डोळे मिटून खेळ आठवायचा. शंभर वेळा आठवलात की संगणक त्यातून मूळ क्रम गाळून काढतो. मग तोच क्रम आम्ही चष्म्यातून आणि कानातून तुम्हाला परत देतो, चालताना."

"म्हणजे तो गेम परत मिळेल?" भरतेशनं विचारलं.

"तुमच्या आठवणीत जेवढा शिल्लक आहे तेवढा."

त्याच्या चेहऱ्यावरचे स्नायू हल्ली फारसे हलत नसत. तरी त्रिशलाला वाटलं, तो हसला.

आठवणी काढायला तीन आठवडे लागले. भरतेश खुर्चीत डोळे मिटून बसायचा, त्याची बोटं मांडीवर अदृश्य दांडा ढकलायची. शेवटी एका दुपारी डॉक्टरांनी त्रिशलाला पडद्यासमोर बसवलं. चित्रं आली ती पाण्याखालून बघावीत तशी होती. जिना असावा, कंदिलाचा पिवळा डाग, खेकड्यासारखं काहीतरी लाल. त्रिशलाची निराशा झाली.

"मलाही आधी तसंच वाटलं," डॉक्टर म्हणाल्या. "मग लक्षात आलं, तुमचे दादा पडद्याकडे बघून खेळतच नव्हते. आता हे ऐका."

आणि खोलीत एक मुलगी ओरडली. *डावं! थांब, थांब... वर! उडी, दादा!*

स्वच्छ, खणखणीत. मागं पत्र्यावर पावसाचा आवाजही होता. आईनं वेणी घट्ट बांधली की कानामागं दुखायचं, ते दुखणंसुद्धा त्रिशलाला त्या आवाजातून आठवलं. पण आठवलं ते एवढंच. त्या मुलीच्या मनात तेव्हा काय होतं, हे काही केल्या तिला आठवेना.

*

चष्मा आणि कानातलं बटण घेऊन भरतेश घरी आला आणि खरोखरच चालायला लागला. आधी घरात, मग अंगणात, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. उंबऱ्यावर क्षणभर थबकायचा, मग पाय उचलायचा, जणू कुणीतरी ढकललं. चष्म्यात त्याला फरशीवर जिन्याच्या पायऱ्या अंधुक दिसायच्या. पण खरं काम कानातल्या आवाजाचं होतं.

पहिले काही दिवस त्रिशला सवयीनं मागं जात राहिली. मग लक्षात आलं, तिची गरज नाही. सकाळी ती ओट्यापाशी उभी राहायची आणि मोरीकडून हाक येण्याची वाट बघायची. हाक यायची नाही. एकदा तिनं विचारलं, "दादा, पेपर आणायला मी येऊ?"

"नको. तिशा आहे बरोबर," तो कानाकडे बोट दाखवत म्हणाला.

तो गमतीनंच म्हणाला होता. तरी ते तिला लागलं, आणि लागलं म्हणून स्वतःचाच राग आला. ज्याच्यापासून सुटका हवी होती ते काम दुसऱ्या कुणीतरी घेतलं होतं. ती दुसरी कुणीतरी कधी दमत नव्हती, दूध उतू गेलं म्हणून चिडत नव्हती, आणि तिचे गुडघेही दुखत नव्हते.

त्या आठवड्यात ती बऱ्याच दिवसांनी सांगलीला, विश्रामबागेतल्या आपल्या फ्लॅटवर गेली. कुलूप गंजलं होतं. आत कोंदट वास होता, पलंगावरच्या चादरीवर धूळ. ती धुळीतच पलंगाच्या कडेवर बसली. कुणी पडेल म्हणून कान टवकारायचं कारण नव्हतं. तिला काही करायचं नव्हतं, प्रवास नाही, छंद नाही, समाजसेवा तर अजिबात नाही. तिला फक्त इथं राहायचं होतं, आणि सकाळी स्वतःच्या इच्छेनं उठायचं होतं. परत जाताना तिनं किल्ली बनवणाऱ्याला नवं कुलूप बसवायला सांगितलं.

भरतेशला सांगायचं कसं, हे ठरवण्यातच चार-पाच दिवस गेले. त्याआधीच बसच्या यंत्रणेकडून तिला फोन आला, तुमचा माणूस रस्त्यात अडकलाय म्हणून.

*

स्टेशन रोडच्या मधोमध भरतेश उभा होता. दोन्ही बाजूंना बिनचालकाच्या बसगाड्या आणि रिक्षा थांबल्या होत्या. आता माणसावर कुणी गाडी घालत नसे. गाड्या माणूस ओळखायच्या आणि तो हलेपर्यंत मुकाट्यानं थांबायच्या. पण तेच जास्त वाईट होतं. हॉर्न नाही, शिवी नाही, नुसत्या गाड्यांच्या रांगा, आणि काचांमागून बघणारे चेहरे. एक स्कूटरवाला तेवढा बडबडत होता. भरतेशची मान खाली होती आणि ओठ थरथरत होते.

त्रिशला त्याच्याजवळ गेली. "दादा, चल."

"मेलो," तो म्हणाला. "बगळा आला."

तिनं त्याच्या कमरेला हात घालून, उजवा-डावा करत त्याला फुटपाथवर आणलं. दुकानाच्या पायरीवर बसवलं. त्याचा शर्ट घामानं भिजला होता.

त्या आठवड्यात असं दोनदा झालं. डॉक्टरांनी सगळी नोंद तपासली आणि कारण सांगितलं. घराजवळच्या फेऱ्या छोट्या होत्या, तोवर काही अडचण नव्हती. पण तो लांब जायला लागला तसा खेळ पुढं सरकला, बगळ्यापर्यंत पोचला आणि आठवण संपली. बगळ्यानंतर त्याच्या शरीराला एकच गोष्ट ठाऊक होती. मेलास, बाजूला हो.

"मग परत पहिल्यापासून लावा," त्रिशला म्हणाली.

"लावून बघितलं. मधूनच सुरुवातीला नेलं की पावलं अडखळतात. शरीराला ते फसवणं वाटतं." डॉक्टर खुर्चीत पुढं सरकल्या. "एक उपाय आहे. आमचा संगणक पुढचे मजले रचू शकतो. त्याच शैलीतली चित्रं, तसाच अवघडपणा. पण नुसते रचून भागणार नाही, ते शिकावे लागतील, जसे तुम्ही पूर्वी शिकलात तसेच. मरून मरून. रोज तास-दीड तास, काही महिने. आणि मागून हाका मारायला..."

दोघंही त्रिशलाकडे बघत होते.

घरी येऊन त्रिशलानं चहा टाकला, दोन कप भरले आणि भरतेशसमोर बसली.

"दादा, मी सांगलीला जाणार आहे. राहायला."

"कधी?"

"नवं कुलूप बसवलंय."

भरतेशनं कप दोन्ही हातांनी धरला. थोडा चहा बशीत सांडला. "हे महिने तेवढे निघू देत की. मजले शिकून झाले की जा. तुला तर तो गेम माझ्यापेक्षा जास्त पाठ होता. किती मजा यायची, तिशे. तुला आठवतं?"

"मला मजा येत नव्हती."

त्यानं कप खाली ठेवला.

"आईनं पाठवलं म्हणून मी येत होते," ती म्हणाली. तिच्या आवाजात चीड नव्हती. चिडायलासुद्धा अंगात त्राण लागतं. "तिथं धूर असायचा, पोरं ढकलायची. तुझं लवकर संपावं म्हणून मी ओरडत होते. तू मरायचास आणि पुन्हा रांगेत उभा राहायचास, म्हणून म्हटलं, जिंकू दे एकदाचा, म्हणजे घरी तरी जाऊ. एवढीच गोष्ट आहे. दांडा कसा लागतो हातात, ते मला आजही ठाऊक नाही."

"कधी मागितला नाहीस."

"कधी दिला नाहीस."

बाहेर शेजारच्यांचं कुत्रं भुंकत होतं. भरतेशचा उजवा हात टेबलावर आपोआप हलत होता. त्यानं डाव्या हातानं तो दाबून धरला.

"मग आता घे," तो म्हणाला.

"काय?"

"दांडा. नवे मजले तू खेळ. मी मागं उभा राहतो."

"आणि उपयोग काय त्याचा? शिकायचं तुला आहे."

"उपयोग नसू दे. तू जाणार आहेस ना? जायच्या आधी एकदा खेळ."

*

डॉ. शिकलगारांना ही कल्पना आवडली नाही. त्यांच्या अभ्यासात ती बसत नव्हती. तरी त्यांनी एका रिकाम्या खोलीत पडदा, दांडा आणि नवे मजले लावून दिले, आणि भरतेशच्या डोक्यावर टोपी चढवली, नोंदी तरी मिळतील म्हणून.

त्रिशला फारच वाईट खेळली. कंदीलवाला तिच्या हातून पहिल्याच पायरीवर मेला. बगळा उडाला की त्याच्या पायाला लटकायचं होतं, हे कळायला तिला दोन दिवस लागले. मागं भिंतीला टेकून भरतेश उभा असायचा. तो सुरुवातीला पुटपुटत होता. तिला ऐकू यायचं नाही.

"मोठ्यानं बोल, दादा!"

"डावीकडे म्हणतोय!"

"आता म्हणून काय उपयोग? मेला तो."

"मग वेळेवर ऐक की!"

दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या खोलीतल्या नर्सनं दार उघडून आवाज कमी करा म्हणून सांगितलं. भरतेशला कुणी आवाज कमी कर म्हणण्याची ती कितीतरी वर्षांतली पहिलीच वेळ होती. त्रिशलाला हसू आवरेना. ती दांडा सोडून पोट धरून हसली आणि पडद्यावर कंदीलवाला एका भल्यामोठ्या शिंपल्यात गडप झाला.

तिला खेळ आवडायला लागला असं मात्र नव्हे. बोटं दुखायची, मान आखडायची, संध्याकाळी घरी आल्यावर स्वयंपाकाला उभं राहवायचं नाही. पण एखादा अवघड टप्पा पार झाला की छातीत काहीतरी धडकन उसळायचं, आणि मग तिला त्या रांगेतल्या पोरांचा चेहरा कळायचा.

एके दिवशी डॉक्टरांनी खेळ मधेच थांबवला. त्यांनी पडद्यावर दोन आलेख लावले.

"हे बघा. मगदूमसाहेब हाक मारतात त्याच्या जरासं आधी त्यांच्या मेंदूत पाय उचलण्याचा इशारा तयार होतो. आतून. स्वतःसाठी तो निघत नाही, पण दुसऱ्याला सांगताना निघतो." त्यांनी भरतेशकडे वळून विचारलं, "साहेब, हाक मारता मारता चालून बघता?"

"तिला हाक मारत?"

"कुणालाही."

भरतेश दारापाशी गेला. चष्मा काढून ठेवला, कानातलं बटणही. उंबऱ्यावर तो थांबला, त्याचे पाय जागच्या जागी थरथरले. मग तो घोगऱ्या, फाटक्या आवाजात ओरडला, "लटक! सोड! उडी!" आणि व्हरांड्यात गेला. व्हरांड्याच्या टोकापर्यंत तो ओरडत गेला. बाकांवर बसलेले पेशंट वळून बघायला लागले. डॉक्टर आलेखाकडे बघत होत्या, आणि त्रिशला दांड्यावर हात ठेवून तशीच बसून राहिली होती.

शेवटच्या मजल्यावर ते पुढच्या महिन्यात पोचले. त्रिशला खेळत होती, भरतेश मागून ओरडत होता, आणि कंदीलवाला धापा टाकत दीपगृहाच्या माथ्यावर आला. त्यानं कंदिलानं मोठा दिवा पेटवला. समुद्र शांत झाला. दूरवर एक होडी वळताना दिसली. पडदा काळा झाला.

"एवढंच?" त्रिशला म्हणाली.

"मला वाटलं होतं राजकन्या असेल," भरतेश म्हणाला. "पण हे संगणकानं केलंय. खरं वेगळं असेल."

"खरं आता कुणालाच माहीत नाही, दादा."

"हो." त्यानं टोपी काढायला मान खाली घातली. "चल, भूक लागली."

*

त्रिशला सांगलीला राहायला गेली त्या दिवशी तिनं दुपारभर फरशी पुसली आणि संध्याकाळी जी झोपली ती दुसऱ्या दिवशी ऊन चादरीवर आल्यावर उठली. पुढचे कितीतरी दिवस ती नुसती झोपत होती. वर्षांचा थकवा एका झोपेत जात नाही, तो हळूहळू, गाळ बसावा तसा खाली बसतो.

भरतेशकडे सकाळ-संध्याकाळ एक बाई यायची. तो स्टेशन रोड ओरडत ओलांडायचा. मिरजेत त्याची थोडी थट्टा होऊ लागली आणि मग लोकांना सवय झाली. काही दिवस चांगले जायचे, काही नाही. आजार पुढं सरकत होता. डॉक्टरांनी ते कधी लपवलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला.

"आज बस्तीच्या दारात अडकलो," तो म्हणाला. जैन मंदिराला घरातले सगळे बस्तीच म्हणायचे. "आवाजच फुटेना. पाऊण तास उभा होतो. सगळे पूजा आटपून गेले."

त्रिशला उठून बसली. "कुणाला तरी हाक मारायची होतीस की?"

"आवाज फुटेना म्हणतोय ना."

"मग?"

"मग सुटलो."

"कसा?"

"माहीत नाही. पाय हलला." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "तू काही येऊ नकोस. सांगायचं म्हणून सांगितलं."

"जेवलास का?"

"जेवतो आता."

"जेव आणि पड जरा."

फोन ठेवून त्रिशला उठली. तिनं पायात चपला घातल्या, पर्स खांद्याला लावली, किल्ली घेतली आणि दार उघडलं. मिरजेची बस दर दहा मिनिटांनी होती. जिन्यात कुणाच्या तरी घरून फोडणीचा वास येत होता. दाराच्या कडीवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली. तिचे पाय निघायला तयार होते, अगदी तयार.

मग तिनं दार लोटलं, चपला काढल्या, आणि त्या भिंतीशी नीट जोडून ठेवल्या.